दूरची वार्ता

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर, दुपार कलल्यानंतर, मराठी सैन्यातील हजारो डोळे एका अंबारीकडे वळले आणि ती रिकामी दिसताच सैन्याचा धीर सुटला. विश्वासराव गोळी लागून पडले होते. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले होते व घोड्यावर स्वार होऊन शत्रूच्या गर्दीत शिरले होते, असे इतिहासकार सांगत आले आहेत. भाऊ त्या क्षणी जिवंत होते. इतकेच नव्हे, तर निकराने लढत होते. परंतु दूर उभ्या असलेल्या शिपायापाशी सेनापतीच्या कुशलाची एकच खूण होती, ती म्हणजे अंबारीतील आकृती. खूण नाहीशी झाली, तेव्हा सेनापतीच नाहीसा झाला असा अर्थ त्याने घेतला. पराभवाला अन्न, वैरण, मित्रांचा अभाव, शत्रूचे राखीव दळ अशी अनेक कारणे होती. तथापि त्या शेवटच्या तासातील पळापळीस एका चुकीच्या वाचनाने हातभार लावला, हे नाकारता येत नाही.

या रणाच्या आधी अडीच महिने वार्तेची वाट तुटलेलीच होती. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी छावणी व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. त्यानंतर जसे धान्याचे तांडे अडले, तसेच जासूदही अडले. दक्षिणेत नानासाहेब पेशव्यांना भावाच्या छावणीची स्थिती कळेना. ते फौजेनिशी उत्तरेकडे निघाले खरे. परंतु जानेवारीच्या २४ तारखेच्या सुमारास भेलशाजवळ त्यांच्या हाती जे पत्र पडले, ते कोणा सरदाराचे नव्हते. ते सावकारी पेढीचे पत्र होते आणि कासिदाच्या हातून दक्षिणेस चालले होते. त्यात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि सुटी नाणी यांच्या भाषेत हानी सांगितली होती: मोठ्यांची संख्या नेमकी, आणि सामान्यांची मोजता न आल्याची स्पष्ट कबुली. वाचणाऱ्याला किल्ली ठाऊक होती, म्हणून अर्थ उलगडला. पण तोपर्यंत दहा दिवस उलटून गेले होते. करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्यास पर्वतीवर पेशव्यांचा अंत झाला.

दूरच्या घटनेचे ज्ञान होण्यास चार पायऱ्या लागतात, हे या एका प्रकरणात लख्खपणे दिसते. जे घडते त्याचे मोजमाप झाले पाहिजे. ते वाटेत न अडकता पोचले पाहिजे. पोचलेल्या खुणांचा अर्थ लावता आला पाहिजे. आणि हे सारे निर्णयाची वेळ टळण्यापूर्वी झाले पाहिजे. चारांपैकी एक पायरी निखळली, तरी उरलेल्या तीन व्यर्थ ठरतात. विसाव्या शतकात याच चार पायऱ्यांचे एक स्वतंत्र शास्त्र झाले. त्याला मराठीत दूरमापन म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द टेलिमेट्री. हे शास्त्र अनेक क्षेत्रांत वावरते; परंतु त्याची खरी कसोटी लागते ती नव्या विमानाच्या चाचणीत. कारण तेथेही दूरवर एकटा पुरुष जिवावर उदार होऊन गेलेला असतो आणि त्याच्या कुशलाची खूण जमिनीवरच्या माणसांना वाचावयाची असते.

विमानाच्या जन्माबरोबरच त्याच्या मोजमापाचा जन्म झाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र किटी हॉकच्या वाळूवरून उडाले, तेव्हा त्यावर वेळ मोजणारे घड्याळ, वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण आणि इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र अशी तीन साधने होती. पहिले उड्डाण अवघ्या बारा सेकंदांचे होते. पण ते मोजलेले होते. पुढे कित्येक वर्षे चाचणी वैमानिक मांडीवर कागदाची पट्टी बांधून उडत असे आणि समोरच्या तबकड्यांवरील आकडे पेन्सिलीने टिपून घेत असे. विमाने वेगवान झाली, तसे हे टिपण अपुरे पडू लागले. मग तबकड्यांचा दुसरा संच विमानाच्या पोटात बसवून त्याची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेण्याची युक्ती निघाली. त्यानंतर प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर थरथरत्या रेषा काढणारी ऑसिलोग्राफ यंत्रे आली, आणि मग चुंबकीय फीत आली.

या सर्व साधनांत एक समान उणीव होती. नोंद विमानाबरोबर जात होती आणि विमानाबरोबरच परत येत होती. विमान परत आले नाही, तर नोंदही बहुधा जळून जाई, आणि जी गोष्ट कळण्यासाठी एका माणसाने प्राण दिला, तीच अज्ञात राही. नोंद सुरक्षित परत आली, तरी ती धुवून, वाचून, आकडेमोड करून अर्थ हाती येईपर्यंत दिवस, कधी आठवडे लोटत. भेलशाला पोचलेल्या पत्रासारखीच ती वार्ता खरी असे, पण उशिरा आलेली असे.

या उणिवेवरचा तोडगा प्रथम विमानाने नव्हे, फुग्याने दाखविला. ३० जानेवारी १९३० रोजी रशियातील पाव्हलोव्स्क येथे पावेल मोल्चानोव यांनी एक फुगा सोडला. त्याला टांगलेले छोटे यंत्र वरच्या हवेचे मान रेडिओच्या खुणांनी खाली कळवीत होते. फुगा परत येण्याची गरजच उरली नाही. या यंत्राला रेडिओसोंड हे नाव पडले. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते, आणि पुढे या खात्याने स्वतःच्या धाटणीचे रेडिओसोंड घडविले. त्यांपैकी एका प्रकारात छोटा पंखा असे. फुगा वर चढू लागला की वाऱ्याने पंखा फिरे, पंख्याबरोबर आतील कळ फिरे, आणि दाब, उष्णतामान व आर्द्रता यांच्या खुणा पाळीपाळीने रेडिओवर जात. एकच वाट, पण तिच्यावरून अनेक मोजमापे क्रमाने पाठवावयाची, ही दूरमापनातील मूळ कल्पना त्या साध्या पंख्यात पूर्णपणे सामावलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच कल्पना वेगवान विमानांत शिरली. १९४७ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या बेल एक्स-१ या अमेरिकन विमानातून काही मोजमापे रेडिओने जमिनीवर येत होती.

भारतात विमाने बांधण्याची सुरुवात झाली, तीत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या अभियंत्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे हे होते. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. विमानाच्या पंखालगत वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे गणित ज्यांनी जगाला दिले, ते हेच प्रांटल. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्रमुख घाटगेच होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी प्रथम उडविले. त्यामागून ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण हे जेट विमान उडाले, तेही घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली आखलेले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मध्यंतरी कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली मारुत या लढाऊ विमानाचे काम बंगळूरलाच चालू होते. इंजिनाचे विमान हवेत नेण्यापूर्वी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून, डाकोटा विमानामागे ओढीत नेऊन, हवेत सोडून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खऱ्या मारुतचे पहिले उड्डाण केले. हेच दास १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्या एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना, उड्डाणाच्या आरंभीच झालेल्या अपघातात मृत्यू पावले. बंगळूरमधील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. चाचणी वैमानिकाच्या धंद्यात धैर्य लागते हे सर्वांना कळते. पण त्या धैर्याची किंमत कमी करणे हेच अभियंत्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव अशा मृत्यूंनी अधिक तीव्र झाली. १९७२ मध्ये हवाई दलाची विमान-चाचणी संस्था नव्या रूपात उभी राहिली आणि लवकरच ती बंगळूरला आली. वैमानिकांबरोबर चाचणी-अभियंतेही शास्त्रशुद्ध रीतीने शिकू लागले.

मोजमाप पाठविणे हा या कामाचा अर्धा भाग झाला. आलेल्या मोजमापांवर प्रक्रिया करणारी यंत्रणा आखणे, हा दुसरा आणि अधिक अवघड भाग. विमानात शेकडो संवेदक बसविलेले असतात. कोणी पंखावरचा ताण मोजतो, कोणी इंजिनाची उष्णता, कोणी सुकाणूचा कोन. या सर्वांची मूल्ये आकड्यांत रूपांतरित करून, एकामागून एक ओवून, एकाच रेडिओ-लहरीवर सोडण्यात येतात. अशा रीतीने आकड्यांच्या ठोक्यांत संदेश पाठविण्याची कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ मध्ये मांडली होती. जमिनीवर उतरतो तो शून्य आणि एक यांचा अखंड प्रवाह. त्यात ना शब्द, ना विराम.

जुनी मोडी पत्रे पाहिलेल्या वाचकाला हा प्रवाह परका वाटणार नाही. मोडीत शब्द न तोडता ओळ सलग लिहीत. कोठे तोडावयाचे, हे वाचणाऱ्याने जाणावयाचे असे. मात्र पत्राच्या माथ्यावर श्री असे आणि शेवटी मोर्तब असे. श्रीमुळे आरंभ कळे, मोर्तबामुळे शेवट कळे, आणि मागाहून कोणी अक्षर घुसडले तर ते उघडे पडे. दूरमापनातही हीच व्यवस्था आहे. ठरावीक आकड्यांचा एक गट प्रत्येक चौकटीच्या आरंभी पुनःपुन्हा येतो. तो सापडला की त्यापासून कितवा आकडा कोणत्या संवेदकाचा, हे मोजून काढता येते. चौकटीच्या शेवटी पडताळ्याचा आकडा ठेवला, तर वाटेत झालेला बिघाड उघडा पडतो. आरंभाची खूण एका घराने चुकली, तर इंजिनाची उष्णता पंखाच्या ताणाच्या रकान्यात जाऊन बसेल. आकडे सगळे खरे आणि अर्थ सगळा खोटा, अशी ती अवस्था.

दुसरा प्रश्न मोजमाप किती वेळा घ्यावे हा. पंख सेकंदाला वीस वेळा कंप पावत असेल आणि त्याचे मोजमाप सेकंदाला अठराच वेळा घेतले, तर कागदावर सेकंदाला दोनच हेलकावे घेणारा शांत पंख दिसेल. चित्रपटात पुढे धावणाऱ्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा भ्रम. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये या संदर्भातील गणित स्पष्ट केले. जो सर्वांत जलद कंप पाहावयाचा, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले पाहिजे, आणि त्याहून जलद कंप आधीच गाळून टाकले पाहिजेत. प्रत्यक्षात अभियंते दुपटीवर समाधान मानीत नाहीत; ते कितीतरी पट अधिक मोजमापे घेतात. परंतु वाहिनीला मर्यादा असते. पंखाला अधिक जागा दिली, तर इंधनाच्या टाकीला कमी मिळते. कोणाला किती वेळा बोलू द्यावयाचे याचा निवाडा हाच या यंत्रणेच्या आखणीतील पहिला खरा निर्णय होय.

तिसरा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे आणि तो पुन्हा पानिपतच्या रिकाम्या अंबारीकडे नेतो. विमान एका कुशीवर वळले की त्याचा अँटेना त्याच्याच अंगाआड जातो आणि क्षणभर खुणा बंद पडतात. कधी संवेदकाची तार तुटते. कधी मात्र खरोखरच इंजिन बंद पडलेले असते. तिन्ही प्रसंगी पडद्यावर आकडा नाहीसा होतो किंवा शून्यावर येतो. वार्ता बिघडली की वस्तू बिघडली, हे ओळखता आले नाही तर जमिनीवरचा माणूस एक तर विनाकारण चाचणी सोडून देईल, नाहीतर खरा धोका खोटा समजून पुढे जा म्हणेल. म्हणून महत्त्वाची मोजमापे दोन निरनिराळ्या मार्गांनी घेतात. प्रत्येक आकड्यावर त्याची वेळ नोंदतात. आलेला मूळ प्रवाह जसाच्या तसा वेगळा जपून ठेवतात, आणि त्यावरून काढलेली मूल्ये निराळी ठेवतात. रेडिओची वाट तुटली तरी नोंद राहावी, म्हणून विमानातील नोंदयंत्रही चालूच असते.

यात एक नियम असा आहे की, जेथे खूण आली नाही तेथे रिकामे घर रिकामेच दाखवावयाचे; अंदाजाने भरावयाचे नाही. या नियमाचे मोल मराठी इतिहास जाणतो. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी अनेकांची खात्री पटली नव्हती. ते रिकामे घर तोतयाने भरले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत त्या खोट्या भाऊने राज्याला किती घोर लावला, हे सर्वश्रुत आहे. अंदाजाने भरलेला आकडा हा यंत्रातील तोतयाच असतो. तो दिसावयास खऱ्यासारखा असतो, म्हणून अधिक घातक.

ही सर्व शिस्त भारतात एकत्र कामाला लागली ती तेजस या हलक्या लढाऊ विमानाच्या चाचण्यांत. त्यासाठी बंगळूरला राष्ट्रीय उड्डाण-चाचणी केंद्र उभारण्यात आले. तेजसची रचनाच अशी की संगणकाच्या सततच्या दुरुस्तीवाचून ते हवेत स्थिर राहू शकत नाही. अशा विमानात वैमानिकाने पेन्सिलीने आकडे टिपावे, ही गोष्टच संभवत नाही. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. ते अठरा मिनिटांचे होते. त्या अठरा मिनिटांत वैमानिक एकटा नव्हता. जमिनीवरील कक्षात इंजिनाचा जाणकार इंजिनाच्या रेषा पाहत होता, नियंत्रणाचा जाणकार नियंत्रणाच्या. आणि या सर्वांच्या वतीने वैमानिकाशी बोलत होता तो एकच माणूस, चाचणीचा संचालक. अनेकांनी पाहावे आणि एकाने बोलावे, हीही त्या यंत्रणेच्या आखणीचीच बाब आहे.

या कक्षाचे खरे महत्त्व पंखाच्या फडफडीच्या चाचणीत दिसते. ठरावीक वेगापलीकडे गेल्यावर पंखाचे कंपन विरण्याऐवजी वाऱ्यातून शक्ती घेऊन वाढू लागते आणि काही क्षणांत पंख मोडू शकतो. वैमानिकाला ते जाणवेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून वेग एकेका पायरीने वाढवितात. प्रत्येक पायरीवर पंखाला मुद्दाम धक्का देतात आणि कंपन किती लवकर विरते ते जमिनीवर तत्काळ पाहतात. विरण्याचा काळ लांबू लागला, की पुढची पायरी चढावयाची नाही. २०१६ मध्ये तेजसची पहिली तुकडी उभी राहिली, तोपर्यंत तीन हजारांवर चाचणी-उड्डाणे झाली होती आणि त्यांत एकही विमान पडले नव्हते.

तथापि दूरमापन म्हणजे कवच नव्हे. ६ मार्च २००९ रोजी सारस या प्रवासी विमानाचा दुसरा नमुना बंगळूरजवळ बिदडी येथे कोसळला आणि हवाई दलाचे तिघे अधिकारी मरण पावले. एक इंजिन हवेत बंद करून पुन्हा चालू करण्याची ती चाचणी होती. इंजिन पुन्हा चालू करण्याची ठरविलेली पद्धत चुकीची होती आणि त्या वेळी उंची पुरेशी नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पद्धत कागदावर चुकली, तर आकाशातून येणारे आकडे कितीही शुद्ध असले तरी ते केवळ चुकीची साक्ष देतात. तिची दुरुस्ती करण्यास लागणारा अवधी ते देऊ शकत नाहीत. अवधी हा उंचीत असतो, पायरीत असतो, आणि थांबा म्हणण्याच्या अधिकारात असतो. तो आधीच राखून ठेवावा लागतो.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. गोदावरीच्या खोऱ्यात बांधलेल्या विमानालाही तोच जुना धर्म लागू आहे. जे मोजले ते मोजलेले म्हणून सांगावे, जे मोजता आले नाही ते न मोजलेले म्हणून सांगावे, आणि दोन्ही वेळेवर सांगावे. भेलशाला पोचलेल्या त्या पत्राने यांतील पहिल्या दोन गोष्टी चोख केल्या होत्या. तिसरी त्याच्या हाती नव्हती. ती माणसाच्या हाती येण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.